बचाव गाडीच्या नोंदी : महाड, मार्च ते जून २०२५

रविवार, २ मार्च
गाडी काल संध्याकाळी माझ्या गॅरेजला लागली. बोलेरो, डिझेल, मागे समोरासमोरची बाकं, मीटर केव्हाच बंद पडलेला. आंब्याच्या एका व्यापाऱ्याने दिली. "वाशीला पेट्या वाहून दमलीय, आता तुमच्याकडे पुण्य कमवू दे," म्हणाले. मागे चढलं की अजून पेंढ्याचा वास येतो. जाताना त्यांनी विचारलं, "क्रेट हवेत का? पन्नास पडून आहेत." आम्ही हसलो. बचावाची गाडी करतोय, भाजीचा टेम्पो नाही.

आमचं बचाव मंडळ उभं राहिलं ते आंबेनळी घाटातल्या अपघातानंतर. २८ जुलै २०१८, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला जाताना दरीत गेली, ३० माणसं गेली. दोर घेऊन खाली उतरणारे बरेचसे साधे ट्रेकर होते. तेव्हापासून आम्ही दोर जमवतोय, हार्नेस (दोरावर लटकताना अंगाला बांधायचे पट्टे) जमवतोय, पण सगळं १४ घरांत वाटलेलं. दोर आमच्यातल्या सरांच्या माडीवर, स्ट्रेचर माझ्या पोटमाळ्यावर, हार्नेस पोलादपुरात. फोन आला की पहिला अर्धा तास सामान गोळा करण्यात जातो. म्हणून ही गाडी. मृग लागायच्या आत तयार पाहिजे, म्हणजे मुदत ३१ मे.

बुधवार, ५ मार्च
यादीची बैठक. प्रत्येकाने आपापली यादी आणली आणि एकत्र केल्यावर ६३ जिन्नस झाले. त्यात दोन वेगवेगळे जनरेटर, एक ड्रोन आणि एकाचा हट्टाचा कॉफीचा थर्मास. (थर्मास मंजूर झाला. जनरेटर, ड्रोन नाही.)

खरा वाद हायड्रॉलिक कटरवर. चेपलेल्या गाडीचा दरवाजा फाडणारी ती मोठी कात्री सातशे बारच्या आसपास दाबावर चालते, पत्रा लोण्यासारखा कापते. आमच्या पोरांनी व्हिडिओ बघून ठेवलेत. किंमत आमच्या वर्गणीच्या पलीकडे, ते सोडा. ती वापरायचा सराव कोणाला आहे? दाबाखाली वाकलेला पत्रा सुटला की कुठे उडेल ते सांगता येत नाही. सर म्हणाले, "अग्निशमनवाले येईपर्यंतची पहिली वीस-पंचवीस मिनिटं आपली. त्या वेळात जे करता येईल तेवढंच गाडीत भरा." त्यावर कोणी बोललं नाही. कटर गेला. त्याऐवजी तिरफोर (तारेच्या दोराने जड वस्तू हळूहळू ओढायचं हाताचं यंत्र), दहा टनी बाटली जॅक, दोन पहारी, लाकडी ठोकळे आणि पाचरी. ठोकळे मी सुताराकडच्या आंब्याच्या फळीतून काढून घेणार. कलंडलेली गाडी हलू नये म्हणून खाली द्यायला ते कटरपेक्षा आधी लागतात.

रविवार, १६ मार्च
शिमगा. वेल्डर पालखीबरोबर गावी. काम बंद.

गुरुवार, २० मार्च
पोलिसांची गाडी आली, मागच्या दिव्याचा फ्यूज सारखा उडतो म्हणून. वायरच्या टोकाचं थिंबल सैल होतं, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात चहा मागवून हवालदार साहेबांना विचारलं, तुमच्या गाडीत काय काय असतं?

"कागदावर बरंच," म्हणाले. "हाताला लागतं ते चार. टॉर्च, कोन, दोर आणि चादर."

चादर आमच्या ६३ जिनसांत नव्हती. ते म्हणाले, गेलेल्या माणसावर टाकायला काही नसलं की भोवती मोबाईल घेऊन गर्दी होते, आणि त्याच्या घरच्यांना तो व्हिडिओ आपल्या आधी पोचतो. माझा हातातला कप तसाच राहिला. संध्याकाळी मंडळातल्या डॉक्टर ताईंना सांगितलं, तर त्यांनी दुसरं कारण जोडलं. पावसात भिजलेला जखमी माणूस गार पडला की रक्त नीट गोठत नाही, जखम वाहतच राहते. म्हणून जिवंत माणसालाही आधी कोरडं पांघरूण. आता यादीत सहा चादरी आणि चार घोंगड्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

११२ ला फोन लागला की पोलिसांच्या डॅशबोर्डवरच्या टॅबवर ठिकाण दिसतं. आमच्याकडे तसं काही नाही. आम्हाला ठिकाण कळतं ते "वळणावरच्या मोठ्या जांभळाच्या खाली" असं. म्हणून गाडीत घाटाचा हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक वळणाला नंबर दिलेला. सरांनी काढायला घेतलाय.

शनिवार, २९ मार्च
दोर मोजले. आमच्याकडे ११ मिलिमीटरचे तीन सेमी-स्टॅटिक दोर आहेत. वजन घेतल्यावर हे फार कमी ताणतात, म्हणून स्ट्रेचर वर ओढताना तो रबरासारखा खालीवर होत नाही. शंभर मीटरचा दोर कोरडा असताना साधारण आठ किलो, भिजला की खांद्याला कळतं. त्यातला एक दोर दहा वर्षांच्या पुढचा निघाला. दिसायला नवा. बोटांत धरून पूर्ण लांबी चाचपली, कुठे गाठ नाही की पोकळ जागा नाही. तरी काढला. नायलॉन नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं. सरांना वाईट वाटलं, त्यांच्या माडीवर एवढी वर्षं जपलेला. त्याचे तुकडे करून सामान बांधायला घेणार, पण आधी दोन्ही टोकांना लाल रंग लावला, म्हणजे चुकूनही त्याला कोणी माणूस लटकवणार नाही.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, सगळे काचेखाली बघितले. पाठीवर कोरलेलं असतं, उभ्यात किती किलोन्यूटन ओढ सोसेल, आडव्यात किती. उभ्यात २२ वगैरे, आडव्यात जेमतेम ७. नवीन पोरांना हे आकडे वाचून दाखवले. कॅराबिनर दोरावर फिरून आडवा झाला की ताकद तिसऱ्या हिश्शावर येते.

रविवार, ३० मार्च
पाडवा. बॉनेटला हार घातला, पेढे वाटले. मागे अजून नुसता पत्रा आहे.

शनिवार, १२ एप्रिल
कप्पे झाले. वेल्डरने चौकट केली, सुताराने प्लायचे सहा खण बसवले, बॉलबेअरिंगच्या चॅनलवर. एक बोट लावलं की खण पूर्ण बाहेर. आजवरच्या कामांत मला सगळ्यात आवडलेलं काम. फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

आता वायरिंग, माझा प्रांत. दुसरी बॅटरी ८० अँपिअर-अवर, १२ व्होल्ट. गुणाकार ९६० वॅट-अवर, पण निम्म्याखाली उतरवली की लेड-अ‍ॅसिडची बॅटरी लवकर मरते, म्हणजे हाताशी ४८०. आधी शंभर वॅटचे दोन हॅलोजन लावायचं ठरलं होतं. ते अडीच तासही चालले नसते. त्याऐवजी २७ वॅटचे चार एलईडी, मिळून १०८ वॅट. कागदावर साडेचार तास, मी तीन-साडेतीनच धरतो. घाटात काम पहाटेपर्यंत चाललं तर इंजिन चालू ठेवावं लागेल, पण मग धूर खाली काम करणाऱ्यांच्या तोंडावर जातो. म्हणून सायलेन्सरचं तोंड रस्त्याच्या बाजूला वळवलं.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. पुढे वायर कुठेही चेपली तरी आग बॅटरीपर्यंत येऊ नये. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेने वायर कापू नये म्हणून रबराचं कडं. ते न लावायची चूक मी दुसऱ्यांच्या गाड्यांत शंभरदा दुरुस्त केलीय.

मंगळवार, १५ एप्रिल
आणि आज स्वतःची चूक. शनिवारी वॉकीटॉकीचे चार्जर लावायला इन्व्हर्टर जोडला तो घाईत मूळ बॅटरीवर. काही जोडलेलं नसलं तरी इन्व्हर्टर स्वतः अर्धा अँपिअर खात असतो. तीन दिवस म्हणजे छत्तीस अँपिअर-अवर. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक. बचावाची गाडी ढकलत गॅरेजबाहेर काढली. समोरच्या टपरीवाल्या काकांनी विचारलं, "कोणाला वाचवायला निघालात?"

इन्व्हर्टर आता दुसऱ्या बॅटरीवर. मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच. इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात, बंद झालं की तुटतात. गाडी उभी असताना भिंतीवरून चार्जर, पण त्याचा सॉकेट मागच्या बंपरवर, सरळ ओढला की निघेल असा. कोणीतरी नक्की प्लग न काढता गाडी पळवणार आहे, आणि तो बहुतेक मीच असेन.

रविवार, २७ एप्रिल
भंगारवाल्याकडे दिवस गेला. ओळखीचा आहे, म्हणाला काय फोडायचं ते फोडा, काच झाडून जा.

दाराची काच टफन्ड असते. मधोमध हातोडा मारला, टणकन परत आला. तीच काच खालच्या कोपऱ्यात स्प्रिंगच्या सेंटर पंचने नुसती दाबली आणि क्षणात सगळी ज्वारीच्या दाण्यांसारखी खाली. आमच्यातला सगळ्यात नाजूक मुलगा एका बोटाने तीन काचा फोडून खूश. पुढची काच वेगळी. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, पंच लावला की फक्त चांदणी उमटते. कुऱ्हाडीने भोक पाडून करवतीने कापावी लागली, चौघे आळीपाळीने, आणि काचेची पिठी नाकात. तर गॉगल आणि मास्क त्याच खणात, करवतीच्या वर. आत बसलेल्या माणसावर आधी चादर (पुन्हा चादर).

सीटबेल्ट कापायला एकाने घरचा कोयता आणला होता. ओला, ताणलेला पट्टा कापला गेला आणि कोयता सरळ सीटमध्ये घुसला. तिथे माणसाची मांडी असते. कोयता परत घरी. आकड्यासारखा, आत पातं लपलेला कटर दोनशे रुपयांत मिळतो, तसे चार घेतले.

भंगारवाल्याने एक गोष्ट शिकवली. एअरबॅगची गाडी असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मग थोडं थांबा, कारण आत साठलेला करंट लगेच जात नाही. नारिंगी जाड वायर दिसली तर ती इलेक्ट्रिक गाडी, त्या वायरला हात नाही. मला हे माहीत होतं. पोरांना माझ्याऐवजी त्याने सांगितलं हे बरं झालं, माझं ते ऐकत नाहीत.

रविवार, ४ मे
ऑक्सिजन. एका दवाखान्याने बी टाइप सिलिंडर दिला, काळं अंग, पांढरा खांदा. आत दहा लिटर पाणी मावेल एवढं माप, १५० किलोचा दाब, म्हणजे पंधराशे लिटर वायू. मिनिटाला दहा लिटर सोडला तर अडीच तास. ताईंनी पोरांकडून हाच हिशोब पाच वेळा करून घेतला, काटा १०० वर असेल तर किती, ५० वर असेल तर किती.

रेग्युलेटर घट्ट बसेना. सवयीने मी ग्रीसचा डबा उचलला. ताई एवढ्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरचे लोक थांबले. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की पेटायला ठिणगीचीही गरज लागत नाही. तीस वर्षं गॅरेज चालवतोय, सगळ्या जाम नटांवर माझं एकच औषध. हात साबणाने धुतले, मग सोडा लावून पुन्हा धुतले. सिलिंडरवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मिस्त्रीने हात लावू नये'. हे ताईंचं अक्षर.

गुरुवार, ८ मे
काल देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, सायरनच्या बातम्या दिवसभर. आज सकाळी आमची तीन पोरं हजर: आपल्या गाडीलाही सायरन आणि वर लाल-निळा दिवा पाहिजे.

नाही म्हणजे नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचेही दिवे गेले. लाल-निळा-पांढरा दिवा रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा आपत्कालीन कामाच्या गाड्यांना. आमची गाडी आजही खाजगी नोंदणीची आहे. सायरनचंही तेच. शिवाय अरुंद घाटात मागून सायरन वाजला की लोक गोंधळून नको तिथे ब्रेक मारतात. परवानगीचा अर्ज करू, मिळाली तर बघू. तोवर मागच्या दारावर आणि बाजूंना चकाकणारी पट्टी, आठ कोन, सहा जॅकेट. पहिला माणूस उतरतो तो अपघाताकडे पळत नाही, कोन घेऊन मागच्या वळणाच्याही मागे जातो. पावसात, धुक्यात वळण घेऊन येणारा ट्रक आपल्यावर आला तर गाडीतलं सगळं सामान आपल्यालाच लागेल.

रविवार, १८ मे
पहिली परीक्षा. सरांची कल्पना: रात्री आठ वाजता, गॅरेजचे दिवे बंद, वरून पाइपने पाणी, आणि डोळ्यांना पंचा बांधून सामान काढायचं. सर स्टॉपवॉच घेऊन छत्रीखाली.

बेल्ट कटर ४८ सेकंद. प्रथमोपचाराची बॅग ३१. स्कूप स्ट्रेचर, म्हणजे मधून उघडून माणसाखाली दोन्ही बाजूंनी सरकवायचं ते, दोन मिनिटं दहा सेकंद, कारण त्यावर कोणीतरी ताडपत्री ठेवली होती आणि ताडपत्रीवर कॉफीचा थर्मास. मी स्वतः टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) शोधायला गेलो आणि हातात आली वायर बांधायची पट्टी. त्या वेळात मांडीची धमनी फुटलेला माणूस संपला असता.

खणांवर मी सुंदर स्टिकर छापून आणले होते. अंधारात त्यांचा काय उपयोग. आता प्रत्येक खणाच्या मुठीला सुतळी. एक गाठ प्रथमोपचार, दोन गाठी दोर, तीन गाठी कापायचं. टूर्निके खणात नाहीच, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला रबराखाली चार, शेजारी जाड मार्कर, बांधल्याची वेळ लिहायला. स्ट्रेचर छताला. २२ जिनसा उतरवल्या. दुसरा जॅक, खोक्यातले टॉर्च, तीन हेल्मेटं, एक अख्खी पेटी जी कोणाची ते कोणालाच आठवेना. थर्मास पुढच्या सीटखाली.

मंगळवार, २७ मे
मृगाची वाट बघत होतो, पावसाने रोहिणीचीही वाट बघितली नाही. गेला आठवडाभर कोकणात धो धो, आणि काल २६ मेला मान्सून मुंबईत. ३१ मेची मुदत कागदावरच राहिली. गाडीचं छत अजून दोन ठिकाणी सील व्हायचंय. भर पावसात सिलिकॉन लावलं, ते बसलं की नाही देव जाणे.

रविवार, १ जून
दुसरी परीक्षा. कटर ९ सेकंद, टूर्निके ४, स्ट्रेचर २६. पाण्याचा पाइप लागलाच नाही, वरून फुकट होतं.

सोमवार, १६ जून
काल पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार जण गेले. महाडात पूल म्हटलं की कोणीही क्षणभर गप्प होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या, त्यांना शोधायला क्रेनने ३०० किलोचं लोहचुंबक पाण्यात सोडलं होतं.

थ्रो बॅग, म्हणजे पाण्यातल्या माणसाकडे फेकायच्या दोराच्या पिशव्या, काढून तपासल्या. वीस मीटर दोर पिशवीत नुसता कोंबलेला असतो, गुंडाळी करायची नाही, गुंडाळी अडकते. दोन पिशव्यांपैकी एकीत कोणीतरी नायलॉनचा दोर भरून ठेवला होता. नायलॉन बुडतो. पॉलिप्रोपिलीन तरंगतो. बादलीत टाकून दाखवला, मग मुकाट्याने बदलला. फेकणाऱ्याने तो दोर स्वतःच्या कमरेला कधीच बांधायचा नाही, हे गाडीच्या दारावर रंगाने लिहिलं.

मंगळवार, २४ जून
रात्री १.४० ला फोन. घाटात पिकअप रस्ता सोडून नाल्यात, आत दोघं. २.२५ ला पोचलो. (प्लग न काढता निघालो. सॉकेट सरळ निघाला, भिंतही शाबूत.)

कोन, दिवे, दोर बरोबर. ड्रायव्हरचा पाय अडकलेला, बेल्ट कापला, ठोकळे दिले, जॅक हवा होता. चार गाठींचा खण. गाठी हाताला लागल्या, मूठ धरली, ओढलं. हलेना. दोघांनी ओढलं. प्लाय पाण्याने फुगून चौकटीत जाम बसलं होतं. माझा आवडता खण. शेवटी पहारीने त्याचं तोंड फोडून जॅक बाहेर काढला, सात-आठ मिनिटं गेली. त्या वेळात ताई नाल्यात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ड्रायव्हरशी बोलत होत्या, गाव कोणतं, मुलं किती, सारखं सारखं तेच.

दोघेही जिवंत, सरकारी रुग्णालयात दाखल. ड्रायव्हरच्या पायाचं सकाळी कळेल.

बुधवार, २५ जून
पाय वाचला. फ्रॅक्चर आहे.

छताचं सिलिकॉन बसलं नव्हतं, पाणी आतून प्लायच्या कडेने उतरत होतं. सुताराला बोल लावण्यात अर्थ नाही, साधं प्लाय मीच आणलं होतं, पैसे वाचवायला. दुपारपर्यंत सहाही खण उपटून काढले. चौकट ठेवली.

मग आंब्याच्या व्यापाऱ्यांना फोन लावला. ते खो खो हसले आणि म्हणाले, पोरगं पाठवतो. चार वाजता बारा क्रेट आले, जाळीचे, पाणी खालून निघून जाणारे, चौकटीत दीड इंच ढिले बसणारे. मुठीच्या जागी भोक आहेच, सुतळी त्यालाच बांधली. पुढे सरकून येऊ नयेत म्हणून प्रत्येकाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा.

दोर गोड्या पाण्यात धुऊन गॅरेजच्या आडव्या पाइपवर टाकलेत, सावलीत. दमट हवा आहे, तीन दिवस लागतील. चिखलाचा वास येतोय. उद्या: बेल्ट कटरचं पातं बदलणे, चादरी दोन कमी झाल्यात, नवीन आणणे. छत उतरवून पुन्हा सील. ऑक्सिजनचा काटा १२० वर, ताईंना कळवणे, स्वतः हात न लावणे.